नौदल म्हणजे तुळशीबाग नव्हे

सकाळी अमृततुल्यात शेजारच्या बाकावरचे काका ठणकावून म्हणाले, "पैसा आहे ना आता? मग घ्या की आणखी दोन विमानवाहू नौका!"

घ्या की! पिशवी घेऊन निघालेच जणू.

अहो, विक्रांतची कील, म्हणजे तळाचा कणा, बसली फेब्रुवारी २००९ मध्ये, नौका नौदलात आली सप्टेंबर २०२२ मध्ये. त्याआधी पोलादच अडलं होतं. रशियाकडून येईना, शेवटी ते इथेच तयार करावं लागलं. शिवाय तीन नौका असल्या तर एक गोदीत, एक सरावात, म्हणजे लढायला हुकमी एकच.

दुसऱ्या महायुद्धाआधी अमेरिकेनं जपानविरुद्धच्या युद्धाचा 'ऑरेंज' आराखडा न्यूपोर्टच्या नौदल वॉर कॉलेजात लुटुपुटूच्या लढाया करून वर्षानुवर्षं खेळून पाहिला. दर वेळी गाडं अडायचं अंतरापाशी. त्यात १९२२ च्या वॉशिंग्टन तहानं पश्चिम पॅसिफिकमधल्या तळांची नवी तटबंदी बंद केली. मग एवढ्या लांब तेल कुठून आणायचं? फुटलेलं जहाज दुरुस्त कुठे करायचं? त्यातून पुढे तरंगत्या गोद्या आल्या. सगळ्यांत मोठीचे १० भाग. सुटे ओढत न्यायचे, बेटाच्या आडोशाला सांधायचे. ताफ्याबरोबर पळू शकणारे १८ नॉट वेगाचे तेलवाहू टँकरही आले. आहे का यातलं काही काकांच्या यादीत?

जपाननं सगळा डाव एका निर्णायक लढाईवर लावला. यामातो या युद्धनौकेवर ४६ सेंटीमीटरच्या तोफा, पण व्यापारी ताफ्यांच्या राखणीसाठी वेगळं मुख्यालय उभं राहिलं १९४३ च्या नोव्हेंबरात. तोवर अमेरिकी पाणबुड्यांनी त्यांची जहाजं टिपायचा सपाटा लावला होता. बरं, ऑरेंजवाल्यांचीही भिस्त बराच काळ तोफांच्या समोरासमोरच्या लढाईवरच होती. मान्य.

आणि आपण? १९९९ ची ३० वर्षांची योजना, २४ पाणबुड्या. २००० नंतरची पहिली नवी डिझेल पाणबुडी आली थेट २०१७ मध्ये, कलवरी. तीही ठरलेल्या जड टॉर्पेडोंशिवाय, कारण ती खरेदीच रद्द झाली. कपाळ!

जाऊ दे, काकांचा तरी काय दोष? टीव्हीवर जलावतरणाचा नारळ दिसतो. माझगाव गोदीत १९९४ ची शंकुल पाणबुडी झाल्यावर पुढच्या पाणबुडीचं काम हाती यायला दहा-अकरा वर्षं गेली आणि तोवर शिकलेले हात पांगले, हे कोण दाखवणार? पाण्याचा दाब झेलणाऱ्या नळकांड्याचं वेल्डिंग आहे ते. गोलाई जराशी बिघडली की पाणबुडीची खोली झेपायची मर्यादा घटते.

उद्या काका भेटले तर चहा माझ्याकडून. पण तो वेल्डर कुठल्या दुकानात मिळतो, एवढं विचारणार.