चेंबर अजून वाहतंय आणि तक्रार म्हणे बंद झाली

चौथ्यांदा! एकाच ड्रेनेज चेंबरची तक्रार इंदूर महापालिकेनं चौथ्यांदा "निराकरण झाले" असा शेरा मारून बंद केली आहे, आणि मी हे लिहितेय तेव्हा ते चेंबर आमच्या फाटकासमोर वाहतंय. काल रात्री अकराला मेसेज आला, सोबत काम झाल्याचा पुरावा म्हणून फोटो. फोटोत कोरडं, झाकण बसवलेलं चेंबर आणि मागे निळं लोखंडी फाटक. आमच्या अख्ख्या गल्लीत निळं फाटक नाही. आमचं तपकिरी, शेजारच्यांचं हिरवं आणि समोर फाटकच नाही, दुकानाचं शटर आहे. कुठल्या तरी दुसऱ्या मोहल्ल्यातला फोटो आमच्या तक्रारीला चिकटवला आणि मोकळे झाले. ही सरळ सरळ फसवणूक आहे, दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

आणि आज सकाळी पेपर उघडला तर महापालिकेची पुढच्या वर्षाची उद्दिष्टं. एवढे रस्ते, एवढी ड्रेनेज लाईन, एवढ्या पाण्याच्या टाक्या आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी उज्जैनचा सिंहस्थ २०२८. इंदूरचं बजेट आता आठ हजार कोटींच्या वर गेलंय. आमच्या दारात मात्र दोन विटांवर टाकलेली फळी आहे. जुन्या दिवाणाची फळी, तिच्यावरून आम्ही घरात येतो-जातो.

परवा चैत्रगौरीचं हळदीकुंकू केलं. दरवर्षी पन्नास-साठ बायका येतात, या वेळी पंचवीससुद्धा आल्या नाहीत. ज्या आल्या त्या एका हातानं निऱ्या वर धरून, दुसऱ्या हातानं माझ्या मुलीचा खांदा पकडून त्या फळीवरून आल्या. आत डाळ-पन्हं, मोगरा, गौरीपुढची आरास, आणि खिडकी उघडायची सोय नाही, इतका वास. एक मावशी कोपऱ्यावरूनच परत गेल्या. घरी जाऊन फोन केला, "अगं, माझ्याच्यानं नाही ती फळी ओलांडवणार, डाळ डब्यात पाठव." मला इतकं लाजल्यासारखं झालं! वास्तविक लाज मला का वाटावी? मी कर वेळेवर भरते, संपत्तीकर भरते, जलकर भरते. सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. पाडव्यापासून त्या खाली उतरलेल्या नाहीत. रोज संध्याकाळी रामाच्या देवळात जाणारी बाई पहिल्या मजल्याच्या खिडकीत बसून राहते.

मी या शहराला नावं ठेवणारी नाही, हे आधी सांगते. २०१७ पासून इंदूर स्वच्छतेत सलग पहिलं येतंय, आठ वेळा आलं, आणि त्यात आमच्यासारख्या घरांचे कष्ट आहेत. सहा प्रकारचा कचरा वेगळा करायला मी सासूबाईंना शिकवलं, त्यांनी कामवालीला शिकवलं. पुण्याची नणंद आली की तिला रात्री सराफ्यात मुद्दाम चालत नेते, रस्ते दाखवायला. म्हणून तर एवढी चिडचिड होते. जे शहर सकाळी ठरल्या वेळी दारात कचरागाडी आणू शकतं, त्याला एक तुंबलेलं चेंबर महिनाभर उघडता येत नाही?

ते का तुंबतं हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. लाईन जुनी आहे. तेव्हा इथे वाडे होते, एका वाड्यात एक कुटुंब. आता वाडे पाडून चार-चार मजली इमारती झाल्या आणि पाइप तोच राहिला. त्यात तीन वर्षांपूर्वी सिमेंटचा रस्ता केला. ठेकेदारानं घाईघाईत काँक्रीट ओतलं आणि दोन चेंबर त्याखाली गाडली गेली! आता सफाईची माणसं कामट्या घालतात, त्या पंधरा-वीस फुटांवर अडकतात, कारण मधलं चेंबर उघडायला वर जागाच नाही. म्हणजे पाणी परत आमच्याच फाटकाशी. त्या वर्षीच्या उद्दिष्टांत मात्र आमचा रस्ता "पूर्ण" म्हणून मोजला गेला. रस्त्याचे मीटर मोजले, खाली काय गाडलं ते कोणी मोजलं नाही. मला सगळ्यात जास्त संताप याचा येतो. आमच्या दारातली घाण ही काम न झाल्यामुळे आलेली नाही, ती पूर्ण झालेल्या उद्दिष्टातून आली आहे.

झोनच्या ऑफिसात मी तीनदा जाऊन आले. तिसऱ्या खेपेला तिथल्या एका तरुण मुलानं खरं काय ते सांगितलं. तक्रार ठरावीक दिवसांत बंद झाली नाही तर ती वरच्या साहेबांकडे जाते, आणि मग खालच्याला नोटीस. "मॅडम, पेंडिंग दिखना नहीं चाहिए," म्हणाला. काँक्रीट फोडायची परवानगी त्याच्या हातात नाही, त्यासाठी वेगळी फाइल, वेगळं एस्टिमेट. बंद करायचं बटण तेवढं त्याच्या हातात आहे, म्हणून तो तेच दाबतो. त्या पोराचा मला राग नाही आला. राग आला तो ज्यांनी वर बसून "किती तक्रारी निकाली" हा एकच आकडा विचारायचं ठरवलं त्यांचा. वर्षाच्या शेवटी हाच आकडा प्रगती म्हणून छापून येतो, आणि त्यात माझी एक तक्रार चार वेळा निकाली धरलेली असते.

आणि हे नुसतं वासाचं प्रकरण नाही. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, आणि नळाची लाईन त्या चेंबरपासून दोन हातांवर आहे. पुरवठा बंद झाला की रिकाम्या पाइपात ओढ तयार होते, जोडाला कुठे जरा चीर असली तर बाहेरचं पाणी आत खेचलं जातं. आम्ही पहिल्या दोन बादल्या मोरीत ओतून देतो, पिण्याचं पाणी उकळतो. ज्यांच्या घरी पाणी अर्धा तासच येतं त्यांनी दोन बादल्या कुठून ओतायच्या? हे पाणी नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर चढून इंदूरला येतं. १९७० साली लोक त्यासाठी रस्त्यावर उतरले होते, माझे सासरेही त्यात होते. १९७८ मध्ये नर्मदा शहरात आली, ते त्या दिवसाचं वर्णन मरेपर्यंत करायचे. २०२३ मध्ये याच पाण्याच्या पंपांसाठी जलूदला ६० मेगावॅटचा सोलर प्रकल्प उभा करायला शहरानं बॉंड काढून २४४ कोटी उभे केले. मला अभिमानच वाटला. म्हणजे पैसा उभा करता येतो, अक्कलही आहे. मग गल्लीतल्या पाइपाशी आलं की सगळं कुठे जातं?

मोठी उद्दिष्टं बदलतातही. २०१३ साली सुरू झालेला बीआरटीएस, म्हणजे बसचा वेगळा मार्ग, २०२५ मध्ये तोडायला घेतला. ठीक आहे, चुकलं असेल. पण मग ते बांधताना छापलेली उद्दिष्टं आता कोणी काढून वाचतं का? दरवर्षी नवी यादी येते, मागच्या यादीचं काय झालं ते कुणी शेजारी छापत नाही.

याच इंदुरात स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडीस येऊन गेले. १९१८ साली त्यांनी होळकर दरबाराला नगररचनेचा अहवाल दिला. त्यांनी इथे दिवाळीत मिरवणूक काढली होती आणि आधीच जाहीर केलं होतं की ज्या रस्त्यांवरची घरं सगळ्यात जास्त झाडूनपुसून, डागडुजी करून तयार असतील त्याच रस्त्यांनी मिरवणूक जाईल. लोकांनी घरं झाडायला काढली. शंभरहून जास्त वर्षांपूर्वी एका परक्या माणसाला कळलं होतं की काम गल्लीत येऊन बघावं लागतं.

माझी मागणी काही फार मोठी नाही. गॅसचं सिलेंडर आलं तरी डिलिव्हरीवाला माझ्या मोबाइलवर आलेला कोड विचारतो, तो दिल्याशिवाय एंट्री होत नाही. तक्रारीलाही तसंच करा. माझ्याकडून कोड घ्या, मगच ती बंद करा. आणि पंच्याऐंशी वॉर्डांपैकी प्रत्येकात मागच्या वर्षी काय म्हटलं होतं, काय झालं, कुठल्या गल्लीत झालं, ते गल्लीच्या नावासकट लावा. पुढच्या वर्षाचं त्यानंतर सांगा.

पाचवी तक्रार आत्ता टाकली. फोटोत तपकिरी फाटक घेतलंय, घर नंबरची पाटी घेतलीये, फळी घेतलीये आणि फाटकाच्या कडीत आजचा पेपर तारीख दिसेल असा खोचलाय. काँक्रीटखालची दोन चेंबर कुठे आहेत तिथे मुलीनं खडूनं मोठे गोल काढलेत, तेही घेतलेत. उद्या नळ यायचा दिवस आहे. सासूबाई वरून विचारतायत, फळी हलत नाही ना, रामनवमीला तरी उतरता येईल ना.