जँगोची बोटं पुरे, जरा गिटारकडे बघू

जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टचं नाव निघालं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: 'आगीत दोन बोटं निकामी झाली, तरीही...' खरंच आहे ते. 1928 साली त्याच्या चाकांवरच्या घराला आग लागली, डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी आखडली, आणि उरलेल्या दोन बोटांनी तो जे सोलो वाजवायचा ते आज पाची बोटं शाबूत असलेल्यांनाही झेपत नाही. पण या गोष्टीची आता बोधकथा झालीय. ती सांगायची, हळहळायचं, आणि ऐकायचं तेवढं राहून जातं. माझं स्पष्ट मत आहे की तो आवाज जेवढा बोटांतून आला, तेवढाच एका अगदी रोखठोक अडचणीतून आला. गिटार कुणाला ऐकूच जायची नाही!

विचार करा, 1920 च्या दशकातला डान्स हॉल. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम्स, पॅरिसच्या नाचघरांत वर अ‍ॅकॉर्डियन. अ‍ॅम्प्लिफायर नाही. त्या गोंगाटात गिटारवाला नुसता हात हलवताना दिसणार. जँगो स्वतः पोरवयात या नाचघरांत बँजो (चामड्याने मढवलेलं पाश्चात्त्य तंतुवाद्य) वाजवायचा, कारण बँजो निदान ऐकू तरी यायचा.

यावर अमेरिकेत तोडगा निघाला तो धातूचा. जॉर्ज बोशॅम्प नावाच्या वादकाने मोठ्या आवाजाची गिटार मागितली आणि लॉस एंजेलिसच्या जॉन डोपिएराने ब्रिजखाली, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीखाली, अ‍ॅल्युमिनियमचे तीन पातळ शंकू (कोन) बसवले. तारेचं कंपन ब्रिजमधून थेट शंकूंत, आपल्या स्पीकरच्या पडद्यासारखं. 1927 च्या सुमाराला ही 'नॅशनल' कंपनीची तीन शंकूंची ट्रायकोन गिटार बाजारात आली. अंग जर्मन सिल्व्हरचं, वर निकेलचा मुलामा. गिऱ्हाईक मुख्यतः हवाईयन वादक, गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवणारे. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांमध्ये जी हवाईयन गिटार आली, ती याच लाटेची पोरं.

पॅरिसमध्ये तोडगा लाकडाचा. सॅक्सोफोनसाठी प्रसिद्ध असलेल्या सेल्मर कंपनीने 1932 मध्ये मारिओ माकाफेरीची गिटार काढली. हा इटालियन माणूस स्वतः उत्तम क्लासिकल वादक. त्याने गिटारच्या पोटात आणखी एक लाकडी पेटी बसवली, आवाज बाहेर फेकला जावा म्हणून. गंमत अशी की ही पेटी सैल होऊन खडखडायची आणि पुष्कळांनी ती काढूनच टाकली! पण बाकीची रचना पक्की होती. सगळ्या मिळून हजाराच्या आतच बनल्या असतील. जँगोची 503 नंबरची पॅरिसच्या संगीत संग्रहालयात आहे. आणि माकाफेरी? 1933 मध्ये पोहण्याच्या तलावात त्याचा हात दुखावला आणि मैफिली संपल्या. पुढे अमेरिकेत त्याने प्लॅस्टिकच्या युकुलेली (चार तारांच्या छोट्या गिटारी) लाखांनी विकल्या. हात याचाही गेला, पण याची बोधकथा कुणी करत नाही.

सेल्मरचा स्वर टोकदार असतो, पटकन उठतो आणि पटकन मरतो. लांबवता येत नाही. मला वाटतं जँगोची ती धावती वळणं, तो थरथरता ट्रेमोलो (एकच स्वर भराभर पुन्हा पुन्हा छेडणं), यामागे हेही आहे: स्वर टिकत नसेल तर पुढचा हजर करा. त्याच्या 1934 च्या क्विंटेटमध्ये, म्हणजे पाच जणांच्या बँडमध्ये, ड्रम्स नव्हते. दोन साथीच्या गिटार आणि एक डबल बेस ताल ओढायचे, स्तेफान ग्रापेलीचं व्हायोलिन वर तरंगायचं. सेल्मरला एवढी मोकळी जागा मिळाली म्हणून ती चमकली, हे कुणी बोलत नाही.

आता माझा लाडका माणूस. त्याच पॅरिसमध्ये, त्याच वर्षांत, गायिका-नर्तकी जोसेफिन बेकरच्या बँडमध्ये ऑस्कार आलेमान नावाचा अर्जेंटिनाचा वादक ती चकचकीत ट्रायकोन वाजवत होता. मांडीवर नाही, सरळ धरून. लहानपणीच अनाथ झालेला, ब्राझीलच्या सांतोस बंदरात रस्त्यावर राहून काव्हाकिन्यो (चार तारांची छोटी गिटार) वाजवत मोठा झालेला. जँगो पिकने (तार छेडायच्या छोट्या चकतीने) वाजवायचा, हा अंगठ्यात पिक आणि बाकी बोटं मोकळी. त्यामुळे एकाच हातात बेस, ताल आणि सूर! 1938 मध्ये कोपनहेगनला त्याने एकट्याने केलेलं 'नोबडीज स्वीटहार्ट' ऐका. साथीला कुणी नाही, आणि कुणी हवंसं वाटतही नाही.

दुसऱ्या महायुद्धात पॅरिसमध्ये जर्मन आल्यावर आलेमान मायदेशी परतला आणि युरोप त्याला विसरला. 1968 मध्ये अमेरिकन जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्वेनोस आयरेसला गेला आणि त्याने आलेमानची चौकशी केली, तेव्हा कुठे लोकांना पुन्हा जाग आली.

याला 'दुसरा जँगो' म्हणतात, त्याचा मला राग येतो. जँगोची कल्पनाशक्ती मोठी, मान्य. पण नुसत्या स्विंगसाठी, पाय आपोआप हलायला लागावा यासाठी, मी दहातल्या सात वेळा आलेमान लावीन. जँगोचे भक्त यावर चिडतात. चिडू देत.