‘250 वॅटचा किट लावा, कायदा विसरा’ म्हणे!

एक फॉरवर्ड सध्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. ‘कुठल्याही जुन्या सायकलीला 250 वॅटचा किट बसवा. लायसन्स नको, पासिंग नको, विमा नको, पोलीस हात लावू शकत नाहीत. गल्लीतला सायकलवाला तासाभरात बसवून देतो. पेडल न मारता एका चार्जवर 60 किलोमीटर. देखभाल शून्य!’ माझ्या सायकलीला असा मोटर-बॅटरीचा किट आहे आणि मी ती रोज वापरतो, म्हणजे किटशी माझं वैर नाही. पण या मजकुरावर भरवसा ठेवून परवा एका मित्राने आठवीतल्या मुलासाठी किट मागवला, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी कायदा. सूट खरी आहे. ती केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या नियम 2(यू) मध्ये आहे. पण तिथे शब्द आहेत ‘0.25 किलोवॅटपेक्षा कमी’. म्हणजे बरोबर 250 सुद्धा त्यात बसत नाही. वेगही ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी हवा. पेडल-असिस्ट (पेडल मारताना मोटरने मदत करणारी) सायकल असेल तर वेग 25 ला पोचला किंवा पाय थांबले की मोटर बंद व्हायला हवी, शिवाय योग्य ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर. फॉरवर्डवाला जे सोयीस्करपणे गाळतो ते पुढेच आहे: हे सगळं नियम 126 मधल्या चाचणी संस्थेने तपासून मान्य केलेलं असावं लागतं. पुण्याची एआरएआय ही त्यातलीच एक. कंपन्या आपल्या मॉडेलची अशी चाचणी करून घेतात. अंगणात जोडलेल्या सायकलीकडे तो कागद कुठून येणार? किट विकणाऱ्याकडे मागून बघा. बहुतेक वेळा मोटरवरच्या स्टिकरचा फोटो येतो.

त्या स्टिकरचंही ऐका. नियमातली शक्ती म्हणजे मोटर सलग 30 मिनिटं देऊ शकते ती, आणि ती चाचणीत मोजतात. किटसोबत 15 अँपिअरचा कंट्रोलर (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा डबा) आला तर, स्टिकर काहीही म्हणो, 36 व्होल्टवर तो 540 वॅटपर्यंत खेचू शकतो. काही स्वस्त कंट्रोलरना वेगमर्यादेची एक जोडवायर असते. ती सुटी केली की सायकल 25 च्या पुढे पळते आणि कायद्याच्या नजरेत मोटार वाहन होते. मग नोंदणी, लायसन्स, विमा सगळं लागू. वर मुलगा अल्पवयीन असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 199ए नुसार पालकाला 25 हजार दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद.

‘पोलीस अडवत नाहीत’ हे रोजच्या व्यवहारात बऱ्यापैकी खरं आहे, मान्य. पण 2022 मध्ये राज्याच्या परिवहन खात्याने बेकायदा बदल केलेल्या ई-बाइकवर कारवाईचे आदेश दिले होतेच. आणि खरी भीती पोलिसाची नाहीच. उद्या एखाद्या आजोबांना धडक बसली, सायकल मोटार वाहन ठरली आणि विमा नसला, तर भरपाई खिशातून.

आता ‘तासाभरात बसतो’. बसतो की! माझाही बसला होता. तिसऱ्या आठवड्यात चढावर कडकन आवाज आला आणि चाक थांबलं. साध्या चाकाचा एक्सल चिमट्यात नुसता पडून असतो, त्याला फिरवणारं काही नसतं. हब मोटर (चाकाच्या मधोमध बसणारी मोटर) चाकाला पुढे ढकलते तेव्हा एक्सल उलटा फिरू बघतो, आणि त्याला धरून ठेवायला फक्त दोन नट. माझा एक्सल फिरला आणि मोटरमधून निघणाऱ्या वीज नेणाऱ्या (फेजच्या) तीन जाड व चाकाची स्थिती कळवणाऱ्या हॉल सेन्सरच्या पाच बारीक वायर पिळून तुटल्या. टॉर्क आर्म नावाची पोलादी पट्टी लावली असती तर वाचलं असतं. बसवणाऱ्याला ती माहीतच नव्हती. शॉकअपच्या अ‍ॅल्युमिनियम चिमट्यात मोटर पुढे बसवत असाल तर चिमट्याचं एक्सल धरणारं तोंडच तडकू शकतं. ब्रेकचं गणितही करा: 15 ऐवजी 25 च्या वेगाला थांबवायची ऊर्जा पावणेतीन पट. जुन्या सायकलीचे सळईचे ब्रेक त्यासाठी केलेलेच नाहीत.

60 किलोमीटर? 36 व्होल्ट, 10 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे 360 वॅट-अवर. पेडल न मारता नुसत्या थ्रॉटलवर सपाट रस्त्याला किलोमीटरमागे 10-12 वॅट-अवर सहज जातात, म्हणजे 30-35 किलोमीटर. सायकल आणि माणूस मिळून 90 किलो असतील तर प्रत्येक 100 मीटर चढाईला साधारण 35 वॅट-अवर वेगळे. पुण्यात कात्रजच्या चढाकडे राहणाऱ्यांनी हिशेब करावा. पेडल मारलंत तर 60 सुद्धा होतील, पण फॉरवर्ड तसं म्हणत नाही.

राहिली देखभाल. 36 व्होल्टची बॅटरी 42 ला पूर्ण भरते, 48 चा चार्जर 54.6 देतो, आणि पिन कधीकधी तीच असते, म्हणजे चुकीचा चार्जर सहज लागतो. घरात दोन चार्जर असतील तर त्यांना आजच रंगीत पट्ट्या चिकटवा. मागच्या हबचं पंक्चर निघालं की बरेच सायकलवाले ‘वायरचं काम आम्ही करत नाही’ म्हणून हात वर करतात. मी आता चाकाचे नट सोडवायला 18 नंबरचा पाना आणि जादा ट्यूब सीटखाली बांधूनच निघतो.