साहेबांसमोर बरा आवरतो राग!

आज दुपारी अडीचच्या सुमारास भाजी घेऊन घरी येत होते. नागपूरचं मे महिन्यातलं ऊन काय असतं ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही, सोडा. आमच्या बिल्डिंगच्या गेटवर एक पार्सलवाला पोट्टा उभा. तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, पाठीवर ती भली मोठी पिशवी, आणि त्याच्यावर दुसऱ्या माळ्यावरचे एक गृहस्थ (नाव लिहीत नाही, बिल्डिंगवाले समजून घेतील) तोंड सोडून बोलून राहिले होते. कारण काय, तर तो वर यायला तयार नव्हता. लिफ्ट बंद आणि गाडीवर बाकीचं सामान उघड्यावर. "पैसे कायचे भेटते बे तुले? एक रेटिंग देतो खाली, घरी बसशीन!" यापुढचं इथं लिहिण्यासारखं नाही. त्या पोराची आईही निघाली त्यात. तो आपला मान खाली घालून "सॉरी काका, ओटीपी सांगा काका" एवढंच म्हणत होता.

तेवढ्यात यांचा फोन वाजला.

"हव सर. नाही नाही, बोला ना सर, मोकळाच आहे. हव. हव. तुम्ही म्हणाल तसं." हसलेसुद्धा. पलीकडच्याला दिसत नाही तरी कमरेतून थोडे वाकलेसुद्धा, शपथ. फोन खिशात टाकला आणि जिथं सोडलं होतं तिथूनच पुढं सुरू. "हं, काय म्हणत होता बे तू?"

मला त्या शिव्यांचा इतका राग नाही आला, जितका त्या "हव सर"चा आला. म्हणजे येतं ना तुम्हाला! रक्त उसळलेलं, कान लाल, आणि तरी अर्ध्या सेकंदात आवाज खाली. हे ज्याला जमतं त्याने पुन्हा कधी "माझा रागावर ताबा राहत नाही" असं म्हणू नये. निदान माझ्यासमोर नको.

मी हे लहानपणी घरातच पाहिलंय. नागपुरातल्या महाल भागात आमचं जुनं घर होतं, एकत्र कुटुंब. माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, सरकारी नोकरीत. संध्याकाळी त्यांच्या सायकलचा स्टँड अंगणात वाजला की आम्ही पोरंसोरं मागच्या खोलीत. भाजीत मीठ कमी, ताट भिरकावलं. पेपर जागेवर नाही, मोठ्या आईला सगळ्यांसमोर वाट्टेल ते. जेवणघरातल्या भिंतीवर वरणाचा एक डाग होता, चुना मारला तरी खालून पिवळा दिसायचा. आणि घरातल्या बाया काय म्हणायच्या? "रागीट आहेत, पण मनाने फार चांगले." हे वाक्य मी इतक्या घरांत इतक्या बायांच्या तोंडून ऐकलंय की आता कुणी "मनाने चांगला" म्हटलं की मला आधी भिंत पाहावीशी वाटते.

तर एकदा पोळ्याला त्यांच्या ऑफिसातले साहेब आमच्याकडे जेवायला आले. पुरणपोळी, कढी, भजी, सगळा थाट. पंगतीत साहेब आणि मोठे बाबा शेजारी. आमचा दादा, म्हणजे मोठ्या बाबांचा मुलगा, असेल नऊदहा वर्षांचा, कढी वाढायला गेला आणि अख्खी वाटी साहेबांच्या पांढऱ्या पँटवर. घरात असा सन्नाटा पसरला की मला अजून आठवतो. मोठी आई स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला धरून उभी. आणि मोठे बाबा हसले. "अरे होतं होतं, लहान आहे! जा बेटा, पाणी आण." बेटा! हा शब्द त्या घरात त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता.

आता कुणी म्हणेल ताई, डिलिव्हरीवाल्याच्या भांडणात तुमचे मोठे बाबा कुठून आले. तिथूनच आले. तोच माणूस आहे हा, फक्त सायकलच्या जागी स्मार्टफोन आला.

राग आतून येतो, तो आपल्या हातात नसतो, हे मला मान्य आहे. छातीत धडधड होते, हात थरथरतात, हे कुणी ठरवून करत नाही. इथपर्यंत सगळ्यांना माफी. पण त्यानंतर तोंडाची तोटी उघडायची की बंद ठेवायची, हे समोर कोण आहे ते बघून आपण बरोब्बर ठरवतो. ट्रॅफिक पोलिसासमोर कुणाचा ताबा सुटत नाही. व्हरायटी चौकात पावती फाडताना बघा, सगळे कसे संत असतात. तिथून शंभर पावलांवर ऑटोवाल्याने कट मारला की मग यांच्यातला वाघ जागा होतो.

आमच्या ऑफिसात मागे ताणतणावावर एक सेशन ठेवलं होतं. कुणासाठी? आम्हा काउंटरवाल्यांसाठी आणि शिपायांसाठी. केबिनमधल्यांना बहुतेक ताणही नसावा आणि रागही नसावा. मी दिवसभर काउंटरवर बसते, लोक येतात, सिस्टीम बंद पडली तरी मलाच बोलतात, आणि मी हसायचं, कारण ते हसणं पगारात धरलेलं आहे. तर तो शिकवायला आलेला पोरगा आम्हाला मार्शमेलोची गोष्ट सांगू लागला. स्टॅनफर्डमध्ये वॉल्टर मिशेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1970च्या आसपास लहान मुलांसमोर एक मिठाई ठेवली. आत्ता खाशील तर एक, थोडं थांबशील तर दोन. जी मुलं थांबली ती पुढं शिकली, यशस्वी झाली, म्हणून आपणही थांबायला शिकू या! टाळ्या. घरी येऊन पोरीला सांगितलं तर ती म्हणाली आई, हे आम्हाला कॉलेजात होतं, पण त्याच्या पुढचंही होतं. 2018 साली जास्त मुलांवर पुन्हा करून पाहिलं, घरची परिस्थिती हिशेबात धरली, तर त्या थांबण्याचा पुढच्या यशाशी असलेला संबंध बराचसा विरघळून गेला. मला तर हे संशोधनाशिवायही पटलं असतं. ज्या घरात डबा रोज भरलेला असतो तिथलं पोरगं थांबतं. ज्याला माहीत आहे की मोठा माणूस दिलेला शब्द पाळत नाही, ते हातातलं खाऊन मोकळं होतं. त्यात त्याचं काय चुकलं?

पण हे असंच चालतं. संयम शिकवायचा तो खालच्याला. सुनेने शांत राहावं, पार्सलवाल्याने सॉरी म्हणावं, कामवाल्या बाईने उलट बोलू नये, आणि ज्यांच्या रागाने घरंच्या घरं दबून राहतात त्यांचा "स्वभावच कडक" असतो. त्यांना कुणी सेशनला पाठवत नाही.

बरं, राग नुसता दाबून ठेवावा असंही मी म्हणत नाही. दाबलेला राग अंगावर निघतो, बीपीवर निघतो, आमच्या घरातल्या बायांच्या अर्ध्या दुखण्यांचं मूळ तेच असावं असं मला वाटतं. पण "काढून टाकलं की मोकळं वाटतं" म्हणणाऱ्यांनी हेही ऐकावं की मोकळं वाटत नाही. पोरीनेच सांगितलेला दुसरा प्रयोग, अमेरिकेतला, 2002 सालचा. ज्याने चिडवलं त्याचा चेहरा आठवत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावले, तर ती माणसं थंड न होता आणखी चिडली. नुसती गुपचूप बसलेली बरी निघाली. मोठे बाबा ताट फेकून कधी शांत झालेले मी पाहिले नाहीत. ताटानंतर तांब्या, तांब्यानंतर शब्द, आणि शब्द तर मध्यरात्रीपर्यंत चालायचे.

ऊन लागतं, डोकं तापतं, तेही मान्य. पारा पंचेचाळीसवर गेला की नागपुरात कुणाचंच डोकं धड नसतं. पण ते काका कूलरसमोरून उठून खाली आले होते आणि तो पोट्टा सकाळपासून डांबरावर होता. उन्हाचं म्हणाल तर शिव्या द्यायचा पहिला हक्क त्याचा होता.

आणि मोठ्या बाबांच्या बाजूनेही एक ओळ लिहून टाकते, नाहीतर आमच्या घरचे फोन करतील. दोन बहिणींची लग्नं, डोक्यावर कर्ज, ऑफिसात त्याच साहेबांकडून काय काय ऐकावं लागत असेल देव जाणे. लिहिलं. पण कर्ज मोठ्या आईच्याही डोक्यावर होतं, बांगड्या तिच्याच गेल्या.

खरा संयम कसा असतो ते आपल्याला ठाऊक नाही असं नाही. आपण ज्या शहरात राहतो तिथं 14 ऑक्टोबर 1956 ला काय झालं हे मी माझ्या मित्रयादीला सांगायची गरज नाही. दर दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात, रस्त्याच्या कडेला झोपतात, रांगेत उभी राहतात, जाताना पुस्तकं घेऊन जातात. ज्यांच्याकडे चिडायला पिढ्यान्‌पिढ्यांची कारणं आहेत ती माणसं. आणि त्याच्याही आधी, 1927 चा महाड आठवा. चवदार तळ्याचं पाणी प्यायले म्हणून मंडपात जेवणाऱ्या लोकांवर लाठ्या घेऊन माणसं धावून आली. बाबासाहेबांसोबत पलटणीत राहिलेले लोक होते, एक शब्द मिळाला असता तर महाडचं काय झालं असतं सांगता येत नाही. तो शब्द त्यांनी दिला नाही. राग नव्हता का त्यांना? होता, म्हणून तर तो पुढं दहा वर्षं कोर्टात टिकला. 1937 साली मुंबई हायकोर्टाने तळ्याचा निकाल त्यांच्या बाजूने दिला. आपला राग लिफ्ट सुरू होईपर्यंतही टिकत नाही.

हो, सगळ्यांनी बाबासाहेब व्हावं अशी अपेक्षा नाही माझी. निदान वरच्यावरचा राग खालच्यावर काढू नका, एवढं तर करता येईल ना? त्यासाठी या शहराने मारबत काढली की हो! तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारी, महालातून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवणुकीने निघतात, सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. पुढं बडगे, म्हणजे ज्याचा राग त्याचे पुतळे. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, पुढाऱ्यांचा बडग्या. "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणून भर रस्त्यात बोंबलायचं, सरकारला नाव ठेवायचं, आणि सगळं नेऊन जाळून यायचं. पार्सलवाल्याचा बडग्या मी कधी पाहिला नाही. आपल्या आज्यापणज्यांना राग कुठं काढायचा ते समजत होतं.

त्या काकांना मी काही बोलले की नाही, असं पोरीने विचारलं. बोलले. पोट्टा गेल्यावर जिन्यात म्हटलं, "भाऊजी, फोनवर किती छान बोलता हो तुम्ही." ते म्हणाले, "म्हणजे?" मी म्हटलं काही नाही, सहज. त्यांना खरंच कळलं नाही. ते खूश झाले!

मोठ्या बाबांना मात्र कळलं होतं. साहेब गेले त्या रात्रीचं राहिलंच सांगायचं. जीप गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी झाली, मोठ्या बाबांनी दार लावलं, आम्ही सगळे आता काय होतं म्हणून श्वास रोखून. दादा तर आजीच्या मागं. मोठी आई पत्रावळी उचलत होती. वर न बघता ती म्हणाली, "म्हणजे तुम्हाला येते तर."

बस, एवढंच. उभ्या आयुष्यात ती त्यांना एवढंच बोलली असेल. ते काही न बोलता अंगणात जाऊन बसले. सुधारले का? नाही. आठ दिवसांत पुन्हा ताट गेलं. पण त्यानंतर ताट फेकताना ते मोठ्या आईकडे बघायचे नाहीत, हे मी पाहिलंय.

आता थोडा राग उतरलाय. कूलरमध्ये पाणी टाकून आले, तेवढ्यात उतरला असेल. खोटं कशाला बोलू, मोठी आईही पुढं सुनेवर खेकसायची. जे वरून आलं ते खाली गेलं, तिने तरी कुठं अडवलं. मला वाटलं होतं आता दादाही तसाच निघणार, रक्तच ते. तर वहिनीने मला एकदा सांगितलं, तो चिडला की म्हणतो, "मी आत्ता बोलत नाही, अर्ध्या तासाने बोलतो." आणि गच्चीवर जातो. मी म्हटलं हे तर सगळेच नवरे म्हणतात आणि झोपून जातात. वहिनी म्हणाली नाही, हा खाली येतो. येऊन बसतो आणि जे बोलायचं ते बोलतो, नीट, आवाज न चढवता. चूक तिची असली तरी सांगतो, स्वतःची असली तरी सांगतो. हे त्याला कोणी सेशनमध्ये शिकवलं नाही. कढीची वाटी हातातून पडली तेव्हापासून तो बहुतेक याच्यावर विचार करत असावा.

दादा फेसबुकवर आहे. वडिलांबद्दल असं चारचौघांत लिहिलं म्हणून त्याला राग येईल. येऊ दे. अर्ध्या तासाने करेल फोन.