काढ्याने जंगल वाचतं का? बोरिवलीच्या वाचकांना उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया चिडून लिहिलेली असली तरी मुद्द्याला धरून आहे, म्हणून खाली दोन ओळींत न उरकता इथे सविस्तर लिहितो. इतरांसाठी थोडक्यात: रानवनस्पतींतून औषधी घटक काढण्याच्या पर्यावरणस्नेही पद्धतींवर मी जे लिहिलं, ते तुम्हाला यंत्रं विकणाऱ्यांची जाहिरात वाटलं. तुमच्या मते पाणी हाच निसर्गाचा द्रावक, म्हणजे घटक विरघळवून घेणारा पदार्थ. आजीच्या अडुळशाच्या काढ्याला वीज लागत नव्हती, द्रावक म्हणून कार्बन डायऑक्साइड वापरणाऱ्यांनी पर्यावरणाच्या गप्पा मारू नयेत, आणि ही यंत्रं आली की जंगल आणखी लवकर संपेल.

कार्बन डायऑक्साइडचं आधी उरकतो. तो या कामासाठी मुद्दाम तयार करावा लागत नाही. मद्यार्काच्या किंवा अमोनियाच्या कारखान्यातून तसाही बाहेर पडणारा वायू पकडून वापरता येतो. ३१ अंशांच्या वर आणि हवेच्या सुमारे ७३ पट दाबापुढे तो धड वायू राहत नाही, धड द्रवही नाही, आणि तेलकट घटक विरघळवून घेतो. दाब सोडला की अर्क खाली राहतो आणि वायू पुन्हा फिरवता येतो. अशा कामाला एरवी वापरतात तो हेक्झेन म्हणजे पेट्रोलियममधून येणारा, मज्जातंतूंना घातक द्रावक. त्याचा अंश अर्कात राहण्याची भीती इथे नाही. दाब देणारा कॉम्प्रेसर वीज खातो, हे तुमचं म्हणणं मान्य.

पण काढ्यालाही ऊर्जा लागतेच की. चौथाई उरेपर्यंत काढा आटवायचा म्हणजे पाऊण भाग पाण्याची वाफ करायची. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २२६० किलोज्यूल लागतात, द्रावक म्हणून तेवढंच अल्कोहोल घेतलं तर साडेआठशेच्या आसपास. आजीच्या चुलीत सरपण होतं, आपल्याकडे सिलिंडर. घरच्या पातेल्यात हे कोणी मोजत नाही, पण टनावारी पाला उकळणाऱ्याला मोजावं लागतं. माटुंग्याला, आज आयसीटी म्हणतात त्या रसायन तंत्रज्ञानाच्या संस्थेत, डॉ. विलास गायकर यांनी मिऱ्याला तिखटपणा देणारं पायपरीन काढलं तेही पाण्यातच, पण पाण्यात हायड्रोट्रोप जातीचे, म्हणजे एरवी पाण्यात न उतरणारे पदार्थ विरघळायला मदत करणारे क्षार घालून. त्यात पायपरीन विरघळतं, आणि नंतर नुसतं पाणी वाढवलं की खाली बसतं. उकळून आटवायची गरज नाही. (ते पातळ झालेलं द्रावण पुन्हा वापरायचं तर घट्ट करावं लागतं, तिथे खर्च आहेच.) पाणी तुमचंही, त्यांचंही.

शिवाय प्रत्येक घटक पाण्यात उतरतोच असं नाही. नरक्या घ्या. तुमच्यापासून तीन स्टेशनं अलीकडे, गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातून, गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी १९७२ साली या झाडात कॅम्प्टोथेसिन असल्याचं प्रसिद्ध केलं. कर्करोगावरची टोपोटेकान, इरिनोटेकान ही औषधं या द्रव्यापासून बनतात. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. नरक्या कितीही उकळा, बहुतेक औषध चोथ्यातच राहणार. आणि लाकडात त्याचं प्रमाण एक टक्क्याच्याही आत, म्हणजे किलोभर द्रव्यासाठी शेकडो किलो लाकूड. इथे पद्धत कच्ची असेल तर जास्त झाडं पडतात. म्हणून पर्यावरणस्नेही कशाला म्हणायचं, याचा माझा हिशेब असा: हातात आलेल्या एका ग्रॅममागे किती झाड तोडलं, आणि झाडाचा कुठला भाग घेतला. द्रावकाची चर्चा त्यानंतर. असा हिशेब मांडणारे फार थोडे भेटतात, हे मात्र तुमच्याइतकंच मलाही खटकतं.

यंत्रं आली की जंगल संपेल, या भीतीत तथ्य आहे. अर्क स्वस्त झाला तर मागणी वाढू शकते. पण जंगल संपवायला यंत्रंच लागतात असं नाही. सर्पगंधा आठवा. मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरच्या तिच्या उपयोगाचा लेख ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला, आणि जगाचं लक्ष या झुडपाकडे गेलं. तेव्हा दिल्या जात होत्या त्या मुळाच्या पुडीच्या गोळ्या. कसला अर्क काढणं नाही, काही नाही. मूळ खणलं की झुडूप गेलं. आज सर्पगंधेचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या, धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या कराराखाली नियंत्रित आहे. या सगळ्यात दोष काढण्याच्या पद्धतीचा नव्हता, रानातून मुळं उपटत राहण्याचा होता. लागवड केल्याशिवाय मुळांच्या औषधांना हात लावू नये, हे माझं मत, आणि इथे आपण दोघं एकाच बाजूला आहोत.

आता तुमचा अडुळसा. त्याच्या बाबतीत काढा अगदी योग्य: त्यातला औषधी घटक व्हॅसिसिन गरम पाण्यात उतरतो, आणि पानं खुडली तरी झुडूप पुन्हा फुटतं. खोकल्याच्या औषधांतलं ब्रोमहेक्सीनही या व्हॅसिसिनवरूनच बेतलेलं. पण सकाळी फिरायला गेल्यावर नॅशनल पार्कातून 'चार फांद्या' आणतो असं तुम्ही लिहिलंय, ते थांबवा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय पानही आणता येत नाही, मग त्याचा घरी काढा करा नाहीतर कारखान्यात अर्क. नर्सरीतून एखादी फांदी आणा आणि पावसाच्या तोंडावर बाल्कनीतल्या मोठ्या कुंडीत खोचा. सहज जगते.