कोणार्कचं चाक नक्की कुणी कापायचं?

आमच्या सांगलीच्या फॅमिली ग्रुपवर परवा चांगलीच वादावादी झाली. पुतण्याच्या सीबीएसई शाळेत आर्ट इंटिग्रेटेड प्रोजेक्ट दिलाय, केंद्राच्या 'एक भारत श्रेष्ठ भारत' उपक्रमात महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी लावलेली असल्यामुळं कोणार्कचं चाक करायचं आणि त्यातनं गणित शिकायचं. वहिनी रात्री उशिरापर्यंत पुठ्ठा कापत बसलेल्या, त्यांचं म्हणणं पोरांचा एकच मोकळा तास होता त्यातही गणित घुसवलं. दादा म्हणतो मार्क मिळतायत ना, मग झालं. आणि मग सगळे माझ्यावर, तुमच्या फिनलंडात म्हणे विषयच बंद केलेत, खरं का?

खरं नाही. 2016 पासून लागू झालेल्या इथल्या अभ्यासक्रमात एवढंच आहे की वर्षातनं निदान एकदा दोन-चार विषय जोडून एखादं मोठं काम पोरांनी करायचं. बाकी चित्रकला, हस्तकला यांचे तास जागच्या जागी आहेत, आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे ते काम शाळेतच होतं, घरी येतच नाही.

आम्ही फिनलंडमधल्या टाम्परेला राहतो. गावाच्या दोन बाजूंना दोन तलाव, वरच्याचं पाणी खालच्यात पडतं, फरक साधारण 18 मीटरचा. लेकीच्या वर्गानं त्याचं उभं छेदचित्र काढलं, एक मीटरला दोन सेंटीमीटर. आधी पोरीनं अंदाजानं रंगवलं तर दोन्ही तलाव जवळजवळ सारख्याच उंचीवर आले, मग बाईंनी पट्टी हातात दिली आणि 36 सेंटीमीटर मोजल्यावर कागदच पुरेना, खाली दुसरा चिकटवावा लागला. त्या जोडकागदावर प्रमाण म्हणजे काय ते तिला कळलं, कुणी व्याख्या पाठ करून घेतली नाही. पण इथं सगळंच असं असतं असं अजिबात नाही, कधीकधी नुसता ज्वालामुखी लाल रंगवून विज्ञान झालं म्हणतात, तेही मी बघितलंय.

म्हणून मला वहिनींचं निम्मं पटतं. कोणार्कच्या चाकाला आठ मोठे आरे, म्हणजे 45 अंशाचा कोन. कंपासनं वर्तुळाचे आठ भाग पाडताना पोरगं दोनदा चुकलं असतं तर भूमिती शिकलं असतं, पण चुकायची संधी आईनंच काढून घेतली. यात वहिनींचा काय दोष, शाळेला फोटो छान पायजे असतो!

आणि आपल्याला हे नवीन आहे का? चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमीजिएट परीक्षांना स्मरणचित्र, स्थिरचित्राच्या जोडीला भूमिती आणि अक्षरलेखन असतंच की. ती शिस्त इथल्या पोरांना नाही, हे मी इथं राहून सांगतोय. आपल्याकडं त्या परीक्षांचं नाव निघालं की दहावीचे वाढीव मार्क तेवढे आठवतात, हे मला फार लागतं.

सांगलीच्या पोरांना तर ओडिशापर्यंत जायचीपण गरज नाही. मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. सपाट कागदावर काढलेली पानांची नक्षी सतारीच्या भोपळ्याच्या गोल अंगावर लावून बघा, कागदाला सुरकुत्या पडणारच, आणि पृथ्वीचा नकाशा सपाट करताना ग्रीनलंड एवढं मोठं का दिसतं ते तिथंच समजतं. तार बरोबर मध्यावर दाबली की तोच सूर वरच्या सप्तकात, सा ला लावलेल्या तारेची दोन तृतीयांश लांबी वाजवली की प, हे अपूर्णांक कानानं शिकता येतात. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी घ्या, 40 फुटाला इशारा, 45 ला धोका, आणि 2019 ला 57 च्याही वर गेलेलं पाणी. शाळेच्या भिंतीवर स्केलनं रंगवा म्हणावं, ज्या घरात पाणी शिरलं त्या घरातली पोरं ते चित्र जीव तोडून काढतील.

फक्त हे करायला चित्रकलेचे सर पायजेत. कितीतरी शाळांत ती जागा रिकामी आहे, गणिताच्या बाईंनाच तो तास देतात आणि त्या बिचाऱ्या पोर्शन संपवतात. सर असतील तर त्यांना आणि बाईंना आठवड्यातनं एक तास एकत्र बसायला वेळ द्या. दादा पालक सभेला जाणारच आहे, त्याला मी सांगितलंय, मार्कांचं नंतर विचार, आधी हे विचार.