नऊ खड्डे, नऊशे रुपये

आज सकाळी मेन्टेनन्सचं बिल आलं. सिंकिंग फंड, पाणीपट्टी, पार्किंग यांच्या खाली एक नवीन ओळ होती: ‘सार्वजनिक हिरवळीस इजा. नग ९, दर १००, एकूण ९००.’ इजा! मागच्या पावसाळ्यात मी याच सोसायटीच्या जिन्यावरून घसरून मनगट सुजवून घेतलं, तेव्हा कुणी साधं ‘लागलं का’ विचारलं नव्हतं. हिरवळीला मात्र इजा झाली, तीही नगावर मोजून. त्याखाली आणखी एक ओळ आहे. तिच्याकडे नंतर येते, कारण ती आठवली की माझा विनोद आंबतो.

आम्ही खारघरला राहतो. अकराव्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीतून, समोरचा टॉवर आणि त्याच्यावरची पाण्याची टाकी यांच्या फटीतून, सिडकोच्या गोल्फ कोर्सचा वहीच्या पानाएवढा हिरवा तुकडा दिसतो. फ्लॅट घेताना बिल्डरने त्या तुकड्याचे वेगळे पैसे लावले होते. पोरं तो तुकडा बघत वाढली. पण तिथे जाऊन खेळायचं म्हणजे काय खर्च, हे विचारायची आमची छाती नाही. यंदा दिवाळीच्या सुट्टीत किल्ले बांधून झाले, मावळे मांडून झाले, फराळ संपत आला आणि पोरं जिन्यात बसून एकमेकांच्या चपला लपवायला लागली. तेव्हा मी बोलून गेले, “चला, आपण इथेच गोल्फ खेळू. किल्ल्यांमधून.”

भाऊबीजेनंतरचा रविवार ठरला. ग्रुपवर मजकूर टाकला. शेवटी लिहिलं, ‘स्पर्धा सर्वांसाठी खुली आहे, कुणीही वगळलं जाणार नाही.’ हे वाक्य लिहिल्यावर मला स्वतःबद्दल फार बरं वाटलं होतं. तेच पुढे नडलं.

सामानाचं थोडक्यात सांगते. काठ्या आम्ही अर्धा इंची पीव्हीसी पाईपच्या केल्या, खाली टी बसवून. हार्डवेअरच्या दुकानात मी म्हटलं, “गोल्फसाठी टी पाहिजे.” दुकानदाराने नळाच्या जोडणीतली टी काढून दिली. गोल्फमधली टी म्हणजे चेंडू ठेवायची खुंटी, हे त्याला ठाऊक नव्हतं. आणि पटर, म्हणजे चेंडू भोकात ढकलायची काठी, करायला नळाचीच टी लागते, हे तोवर मला ठाऊक नव्हतं. दोघांच्या अज्ञानातून काम झालं. चेंडू स्पंजचे, कारण लॉनच्या तिन्ही बाजूंना गाड्या असतात. गोल्फच्या भोकाचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर. ड्रेनेजचा चार इंची म्हणतात तो पाईप बाहेरून ११० मिलिमीटर असतो. त्याचे नऊ तुकडे करून घेतले. कापणाऱ्याने दोनदा विचारलं, “ताई, नऊ संडास?”

आता काका.

काका बी विंगमध्ये राहतात. वय ७१, जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त. खातं सुटलं, मोजणी सुटली नाही. खिशात पाच मीटरची टेप कायम असते. कुणाकडे नवा सोफा आला तर तो लिफ्टमध्ये बसेल की नाही, हे घरच्यांच्या आधी काकांना माहीत असतं. शनिवारी संध्याकाळी मी गुडघे मातीत रोवून चौथा खड्डा खणत होते. तेवढ्यात मागून आवाज आला.

“खोली किती?”

“चार इंच.”

“रुंदी?”

“सव्वाचार. ते ठरलेलंच असतं काका, १८९१ साली स्कॉटलंडमध्ये ठरलंय.”

हे मी बोलायला नको होतं. सरकारी नोकरी केलेल्या माणसासमोर जुना दाखला काढू नये. काका उकिडवे बसले, टेप सर्रकन ओढली आणि पाईपच्या तोंडावर आडवी धरली.

“आतून १०४. सव्वाचार इंच म्हणजे १०८. चार मिलिमीटर दाबलेत तू.”

जसे काही ते चार मिलिमीटर मी माहेरी पाठवले होते.

“पाईप तेवढाच मिळतो, काका.”

“असू दे. माझं नाव कुठल्या गटात घेतलंस?”

“ही ज्युनियर स्पर्धा आहे. सहा ते चौदा वयाची.”

काकांनी मोबाईल काढला, हात लांब केला, मान मागे नेली आणि पंचनामा वाचावा तसं वाचलं, “‘सर्वांसाठी खुली, कुणीही वगळलं जाणार नाही.’ हे लिहिलंय कुणी?”

“मी.”

“‘कुणीही’मध्ये मी येतो की नाही?”

“येता. पण ज्युनियर...”

“ज्युनियर कुणापेक्षा? ए विंगमधले नाना ८४ चे आहेत. त्यांच्यापुढे मी १३ वर्षांनी ज्युनियर.”

मी खुरपं खाली ठेवलं. आता हे लवकर संपणार नाही, हे कळलं होतं. समजूत घालायची म्हणून मी त्यांना हँडिकॅप समजावून सांगितला. गोल्फमध्ये कच्च्या खेळाडूचे ठरावीक टोले वजा धरतात, म्हणजे कच्चा आणि पक्का एकत्र खेळू शकतात, वगैरे. हा खेळ मुळातच लहानथोरांना सामावून घेतो, असं काहीतरी मी म्हणाले. पुन्हा चूक.

“म्हणजे सवलत.”

“तसंच काहीसं.”

“रेल्वेत पुरुष ज्येष्ठांना ४० टक्के असायची. २०२० पर्यंत. तीच धर.”

“कशावर?”

“टोल्यांवर. मी दहा मारले की तू सहा लिही.”

सांगायला लाज वाटते, पण मी वहीत लिहून घेतलं: ‘काका, ४० टक्के.’ तरी ते उठेनात. त्यांची नजर पहिल्या किल्ल्यावर गेली होती. मुलांनी रायगड केला होता. उतारावर पेरलेला अळीव बोटभर उगवला होता, जगदीश्वराचं देऊळ खडूच्या डबीचं होतं, आणि महादरवाजा असा ऐसपैस कोरला होता की चेंडू आरपार जावा.

“चेंडू इथून जाणार?”

“हो.”

“खेळ कुणाचा?”

“तसा... साहेबाचा.”

“साहेबाचा चेंडू रायगडाच्या महादरवाज्यातून आत शिरणार, आणि आपण टाळ्या वाजवायच्या.”

काका थट्टा करत नव्हते. माझ्या पोटात गोळा आला. हल्ली कुणाचं काय दुखावेल सांगता येत नाही. उद्या ग्रुपवर फोटो फिरला तर मला सोसायटीच काय, खारघर सोडावं लागेल. मी म्हटलं, “मग काय करू काका? नऊच्या नऊ किल्ले आहेत.”

काका बराच वेळ दाढी खाजवत राहिले. “आठ किल्ल्यांना चेंडू वळसा घालून जाऊ दे. दर्शन घेऊन पुढे. आत शिरायचं ते फक्त जंजिऱ्यात.”

“जंजिऱ्यातच का?”

“तो राहिलाय.”

“राहिलाय म्हणजे?”

“घ्यायचा राहिलाय!”

सी विंगमधली पोरं तोवर भोवती जमली होती. त्यानंतरचा अर्धा तास माझा नव्हताच. महाराजांनी जंजिऱ्यासमोर पद्मदुर्ग उभा केला तो कशासाठी, संभाजीराजांनी १६८२ साली समुद्रात भर टाकून सेतू बांधायला घेतला तो कसा, हे सगळं काकांनी बागेच्या नळीने मातीत आखून सांगितलं. आठवा किल्ला पद्मदुर्ग. तिथून टोला. मध्ये प्लायवूडची पट्टी, तो सेतू. पुढे लॉनमध्ये पुरलेला, आमच्या धाकट्याच्या आंघोळीचा निळा टब. टबात पाणी, पाण्यात उपडं मडकं, मडक्यावर जंजिरा. इतिहासाच्या तासाला जांभया देणारी ही पोरं रात्री साडेनऊपर्यंत टबात खडे रचत होती. माझ्या हातून स्पर्धा गेली होती, हे मला कळलं. वाईटही वाटलं, आणि पाठ दुखत होती म्हणून बरंही वाटलं.

रविवारी २३ पोरं आली. गोल्फमध्ये टोला मारताना बाकीच्यांनी गप्प बसायचं असतं. कोलकात्यात १८२९ पासून क्लब आहे, तिथे बसत असतील. आमच्याकडे एक पोर गप्प बसलं की दुसऱ्याला शिंक येई. डी विंगमधला एक मुलगा श्रवणयंत्र लावतो. त्याने त्यावर आपला उपाय काढला: टोल्याआधी यंत्र बंद, टोल्यानंतर चालू. तिसऱ्या किल्ल्यापर्यंत तो सगळ्यांच्या पुढे. बाकीच्यांनी ओरडा केला, “चीटिंग! आम्हाला बंद करता येत नाही!” नियमात याबद्दल काही नाही, असा निकाल मी दिला. मग त्याला दीक्षा डागरबद्दल सांगितलं, की ती टोकियो ऑलिंपिकही खेळली आणि तिच्याकडे डेफलिंपिक्सचं सुवर्णपदकही आहे. त्याने शांतपणे विचारलं, “तीपण बंद करते का?” मला माहीत नव्हतं.

अंतरावरून भांडणं सुरू झाली तेव्हा काका टेप घेऊन उतरले. पण वाकून वाकून कंबर धरली, तेव्हा त्यांनी टेप खिशात घातली आणि पटरच आडवा टाकून मोजायला लागले, “वकट, लेंड, मुंड, नाल...” विटीदांडूचं माप! दुपारपर्यंत गुणफलकावर पार (ठरलेले टोले) आणि बर्डी (त्याहून एक कमी) यांच्या शेजारी ‘दोन मुंड’ असं लिहिलेलं होतं आणि पालक माझ्याकडे खुलासा मागत होते. एका आजींना बोगी म्हणजे पारहून एक टोला जास्त, हे सांगताना मी स्वतःच अडखळले. त्या म्हणाल्या, “बोगी गाडीला असते गं. तू उन्हातून सावलीत ये.”

आणि जंजिरा? २३ चेंडू पाण्यात. एकही आत गेला नाही. सेतूच्या पट्टीला मध्ये किंचित पोक होता. पोर कितीही सरळ मारो, चेंडू तिथे आला की विचार बदलायचा. सगळ्यांत जवळ गेला तो आमच्या वॉचमनदादांच्या मुलीचा. नऊ वर्षांची असेल. बापाची काठी फिरवत वाढलेली, त्यामुळे मनगट हलकं. तिचा चेंडू पोक ओलांडून गेला, दरवाज्यापाशी पोचला, थांबला. सगळे श्वास धरून उभे, श्रवणयंत्रवालाही. चेंडू डुलला आणि बाजूला पडला. काकांनी टेप लावली. “२२ मिलिमीटर,” ते म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत. मग सहा वाजता सगळे गेल्यावर त्यांनी स्वतः ११ टोले मारले. सवलत धरून ६.६. तेही पाण्यात.

तर बिलातली दुसरी ओळ. ‘बाहेरील व्यक्तींना (संख्या ३) सामाईक जागेत खेळू दिल्याबद्दल समज देण्यात येत आहे.’ या तीन बाहेरील व्यक्ती म्हणजे वॉचमनदादांची मुलगी आणि गेटजवळच्या इस्त्रीवाल्यांची दोन पोरं. बाहेरील म्हणजे गेटच्या आतल्या पत्र्याच्या खोलीत राहणारी. रात्री दोनला टॅक्सीतून उतरलं की गेट त्या मुलीचे बाबा उघडतात, सकाळी आठला शर्ट त्या पोरांची आई आणून देते, तोवर कुणी बाहेरचं नसतं. संख्या मात्र कंसात अचूक. आणि हिरवळीचं म्हणाल, तर गणपतीत याच लॉनमध्ये मांडवाचे बांबू रोवतात. ते खड्डे माझ्या खड्ड्यांहून मोठे असतात, पावसाचं पाणी साठून त्यात डास होतात, आणि त्यांना ‘इजा’ म्हणायची कुणाची टाप नाही. खरं म्हणजे जंजिऱ्याचा खड्डा टबाएवढा आहे, दर तोच शंभर, तेव्हा तिथे मी फायद्यातच आहे. पण हे बोलायचं कुणाशी? बिलाखाली खजिनदारांची सही आहे, आणि आमचे खजिनदार म्हणजे काका.

संध्याकाळी लिफ्टमध्ये भेटले. बिल हातातच होतं.

“काका, सही तुमची आहे.”

“सही खजिनदाराची आहे. मी खेळलो तो खेळाडू म्हणून.”

“आणि ही खालची ओळ?”

काका लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिले. चार, तीन, दोन. “मीटिंगमध्ये बहुमताने झालं,” ते म्हणाले. त्यांचं मत कुठे पडलं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

तळमजला आला. दार उघडलं तरी ते बाहेर पडेनात.

“आठ दिवसांत बुजवायचे लिहिलंय ना? बुजव. पण क्रमाने घे, एक नंबरपासून. जंजिरा शेवटी.”

“बरं.”

“ती पट्टी मी किसून आणलीये. पोक गेला. तुझ्याकडचा तो पटर आण, आणि त्या पोरीला बोलाव. अंदाज बरा आहे तिचा.”

“आत्ता?”

काकांनी लॉबीत डावी-उजवीकडे पाहिलं.

“आत्ता नको. अंधार पडू दे.”